जुन्या पेटीत नवे चित्र

दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवलेली एक लहानशी पेटी आंतरजालावरून किंवा घरातील संगणकावरून चित्रपट मागवून घेते व पडद्यावर दाखविते. काल जिने एक चित्रपट बिनचूक दाखविला, तीच पेटी आज दुसऱ्यापाशी अडखळते. कधी चित्र दिसते पण आवाज येत नाही. कधी आवाज पुढे धावतो व चित्र मागे राहते. कधी फाइल उघडतच नाही. पेटी बिघडली, असे घरच्या मंडळींना वाटते. पुष्कळदा तसे काही झालेले नसते. समोर आलेली लिपी पेटीला वाचता येत नाही, किंवा वाचता येते पण पुरेशा वेगाने येत नाही.

ही लिपी मुळात लागते कशाला, हे थोड्या हिशेबाने कळेल. पडद्यावरील एका चित्रात आडवे १९२० व उभे १०८० बिंदू आहेत असे धरू. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० बिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे असे मानले, तर एका सेकंदासाठी १५ कोटी ५५ लाख २० हजार बाइट लागतील. दोन तासांच्या चित्रपटाचा आकडा एक लाख कोटींच्या पुढे जातो. एवढा भार घरगुती तारांतून सरळ वाहून आणणे परवडणारे नाही.

सुदैवाने एका चित्राहून पुढचे चित्र फारसे वेगळे नसते. रस्त्याने बैलगाडी चालली असली तरी मागचा डोंगर जागच्या जागी असतो. तेव्हा अधूनमधून एक चित्र पूर्ण नोंदवावे, आणि मधल्या चित्रांत कोणता भाग कोठे सरकला व काय बदलले, तेवढेच लिहावे. २००३ साली मान्य झालेली एच.२६४ ही पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या साहाय्याने वरील १५ कोटी बाइटांचे काम सेकंदाला सुमारे दहा लाख बाइटांत समाधानकारक भागते. परंतु लिहिणाऱ्याने जे वाचविले, त्याची भरपाई वाचणाऱ्याला श्रमाने करावी लागते. पेटीला प्रत्येक चित्र त्या त्रोटक टिपणांवरून पुन्हा रचावे लागते, तेही सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. अशा लेखन-वाचनाच्या पद्धतीस कोडेक म्हणतात.

फाइलीच्या नावाच्या शेवटी येणारी एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही अक्षरे मात्र कोडेकची नव्हेत. ती डब्याची नावे होत. जेवणाच्या डब्यावरून आतली भाजी ओळखता येत नाही, तसाच हा प्रकार. डबा उघडला तरी आतील चित्राचा एक कोडेक आणि ध्वनीचा दुसरा, असे दोन्ही जाणावे लागतात. चित्र दिसते आणि आवाज येत नाही, याचे कारण बहुधा येथेच सापडते.

मार्च २००७ मध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या ‘अ‍ॅपल टीव्ही’ पेटीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. तिच्यात एक गिगाहर्ट्झ वेगाचा इंटेल प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. एच.२६४ चे चित्र ती १२८० गुणिले ७२० बिंदूंपर्यंतच दाखवी, आणि एव्हीआय व एमकेव्ही हे डबे तिला परके होते. हौशी तंत्रज्ञांनी थोड्याच काळात तिच्या आज्ञावलीत शिरकाव करून घेतला. ‘पेरिअन’ या विनामूल्य पुरवणीने तिला आणखी लिप्या शिकविल्या, पुढे ‘एक्सबीएमसी’ हा खुला कार्यक्रमही (२०१४ पासून त्याचे नाव ‘कोडी’ झाले) तिच्यात चालू लागला. ध्वनीच्या बाबतीत निर्मात्यांनी स्वतःच सोपी वाट काढली. फेब्रुवारी २००८ च्या सुधारणेनंतर पेटी डॉल्बी डिजिटल ध्वनी स्वतः न उलगडता जसाच्या तसा ध्वनिवर्धकाकडे पाठवू लागली.

शिकविल्याने अक्षरओळख होते, वेग वाढत नाही. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र त्या एकट्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेर राहिले. या अंकप्रवाहाचा बराचसा भाग एकामागून एक असाच वाचावा लागतो, आणि तेथे घाई करता येत नाही. कान तुटक ध्वनी सहन करीत नाही. म्हणून ध्वनी अखंड ठेवून मागे पडलेली चित्रे गाळली जातात आणि पडद्यावरील माणसे धक्के खात चालतात.

२०१० च्या सुमारास यावर मोठा नामी उपाय निघाला. ब्रॉडकॉम कंपनीचे ‘क्रिस्टल एचडी’ नावाचे एक चिमुकले कार्ड मिळत असे, एच.२६४ सारख्या लिप्या उलगडणे हेच त्यावरील चिपचे काम. पेटीत त्यास योग्य अशी खाच होती, पण ती बिनतारी जोडणीच्या कार्डाने अडविलेली. ते कार्ड काढून हे बसविले, की पेटीला तारेनेच जोडून घ्यावे लागे. तार ओढण्याचा त्रास पत्करून पूर्ण आकाराचे चित्र मिळत असेल, तर हा व्यवहार तोट्याचा खास नव्हता. सामान्य प्रोसेसर हरतऱ्हेची कामे करतो. ही चिप एकच करते, म्हणूनच ते थोड्या विजेत आणि वेळेवर करते.

कधी चिप असते, पण तिला कुलूप असते. २०१२ साली आलेल्या ‘रास्पबेरी पाय’ या स्वस्त संगणकावर अनेकांनी चित्रपटपेट्या उभारल्या. डीव्हीडीची एमपीईजी-२ लिपी उलगडण्याची सोय त्याच्या चिपमध्ये होती. परंतु पेटंटधारकांना द्यावयाचे शुल्क किमतीत धरलेले नसल्याने ती बंद ठेवलेली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून २ पौंड ४० पेन्सला तिची किल्ली मिळू लागली. किल्ली म्हणजे एक अंकमालिका. ती प्रत्येक संगणकाच्या क्रमांकाशी बांधलेली असल्याने शेजाऱ्याची किल्ली उपयोगी पडत नसे.

त्या पद्धतीचे अमेरिकेतील शेवटचे पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले. २०१९ साली आलेल्या चौथ्या ‘रास्पबेरी पाय’मध्ये एमपीईजी-२ साठी वेगळी सोयच उरली नाही, तेवढे वाचन त्याचा प्रोसेसर आता स्वतःच सहज करतो.