मोटारसायकलच्या सायलेन्सरमधील बदल व इंजिन ट्युनिंग

मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून त्या जागी अन्य उत्पादकाची निष्कास प्रणाली बसविणे व त्या प्रणालीला अनुरूप असे इंधनपुरवठ्याचे आणि प्रज्वलनाचे फेरनियोजन करणे या परस्परावलंबी क्रिया आहेत. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये पहिलीस 'सायलेन्सर बदलणे' व दुसरीस 'ट्युनिंग' असे म्हणतात. व्यवहारात पहिली क्रिया हौसेने केली जाते आणि दुसरी बहुधा राहून जाते. अशा बदलानंतर उद्भवणाऱ्या बऱ्याच तांत्रिक तक्रारींचे मूळ यातच असते.

निष्कास प्रणालीचे कार्य

सायलेन्सर हे केवळ आवाज दाबणारे नळकांडे आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सिलिंडरच्या तोंडाशी जोडलेली बेंड पाइप, उत्प्रेरक परिवर्तक, मधली नळी आणि शेवटचा सायलेन्सर मिळून इंजिनाच्या श्वसनाचा अर्धा भाग होतो. निष्कास झडप उघडताच जळालेल्या वायूबरोबर दाबाची एक लहर नळीतून धावते. नळी जेथे रुंदावते तेथून ही लहर उलट स्वरूपात, म्हणजे कमी दाबाची होऊन, परत फिरते. आत येणारी व बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा क्षणभर एकाच वेळी उघड्या असताना ती सिलिंडरपाशी पोहोचली, तर उरलेला धूर ओढला जातो व ताजे मिश्रण अधिक भरते. ती अवेळी पोहोचली तर भरणा घटतो.

ही वेळ किती सूक्ष्म असते हे साध्या गणिताने कळते. मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सुमारे ६.७ मिलिसेकंदांत पुरा होतो. तप्त वायूत लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्या अवधीत ती साधारण सव्वातीन मीटर जाते. म्हणून नळीची लांबी थोडी बदलली तरी इंजिन कोणत्या फेऱ्यांवर जोर धरील हे बदलते. एकच नळी सर्व फेऱ्यांवर लाभदायक ठरत नाही. वरच्या फेऱ्यांवर मिळालेली ताकद बहुधा खालच्या फेऱ्यांवरून उसनी घेतलेली असते आणि शहरातील वा गावरस्त्यावरील चालकाला नेमकी खालचीच अधिक लागते.

इंजिनाला काही 'बॅक प्रेशर' लागतेच, हे गॅरेजमधील प्रसिद्ध वचन शब्दशः खरे नाही. अडथळा इंजिनाला कधीच उपकारक नसतो. फाजील रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो व लहरींची वेळ चुकते, म्हणून खालचा जोर जातो. अनुभव खरा, पण त्याचे कारण चुकीचे सांगितले जाते.

दुटप्पी इंजिनाचा वारसा

नळी हा इंजिनाचाच भाग आहे, हे सर्वांत स्पष्टपणे दुटप्पी अर्थात टू-स्ट्रोक इंजिनात दिसते. त्यात झडपा नसल्याने ताजे मिश्रण धुराबरोबर निसटू पाहते. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंता वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात मधोमध फुगीर व दोन्ही टोकांना निमुळत्या कक्षाचा विकास केला. या कक्षातून परतणारी दाबलहर निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये एमझेडचा शर्यतपटू अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून गेला व सुझुकीकडे दाखल झाला. त्याच्यासोबत हे ज्ञानही जपानमध्ये पोहोचले.

भारतात १९८५ पासून विकल्या गेलेल्या यामाहा आरएक्स १०० या ९८ घनसेंटिमीटरच्या गाडीने महाराष्ट्रातील एका पिढीला या तत्त्वाची ओळख करून दिली. तिच्या सायलेन्सरच्या शेपटातील पुंगळी काढण्याची प्रथा तेव्हापासूनची. पुंगळी काढल्याने आवाज निश्चितच वाढतो. मात्र शेपटाची अरुंद नळी कक्षातील दाब राखत असल्याने तिच्यातील फेरफारामुळे ताकद वाढेलच असे नाही.

आधुनिक स्पोर्ट्स मोटारसायकल

बजाज ऑटोच्या पुणे जिल्ह्यातील चाकण येथील कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी ३९० ही राज्यातील तरुणांमधील परिचित स्पोर्ट्स मोटारसायकल आहे. २०१४ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत ३७३ घनसेंटिमीटरचे एकसिलिंडरी इंजिन व त्याच्या पोटाखाली दडविलेला सायलेन्सर होता. भारत स्टेज ४ मानकांसाठी २०१७ च्या आवृत्तीत सायलेन्सर उजव्या बाजूस आला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर उत्प्रेरक परिवर्तक व ऑक्सिजन सेन्सर यांचे महत्त्व आणखी वाढले.

बाजारात दोन प्रकारच्या प्रणाली मिळतात. 'स्लिप-ऑन' मध्ये केवळ शेवटचा सायलेन्सर बदलतो. 'फुल सिस्टीम' मध्ये बेंड पाइपपासून सर्व काही बदलते व बहुधा परिवर्तकही निघून जातो. मूळ सायलेन्सरमध्ये अनेक कप्पे असतात व लहरी एकमेकींवर आपटून विरतात. स्पोर्ट्स सायलेन्सरमध्ये सरळ सच्छिद्र नळीभोवती काचतंतूची लोकर भरलेली असते. ही लोकर कालांतराने जळून उडते, त्यामुळे असा सायलेन्सर जुना होत जातो तसतसा अधिक ओरडतो व त्यात नवी लोकर भरावी लागते. शेपटात स्क्रूने बसविलेला 'डीबी किलर' म्हणजे पुंगळीचेच आधुनिक रूप होय.

या आकाराच्या इंजिनात नुसत्या स्लिप-ऑनने होणारी वाढ एखाद-दुसऱ्या अश्वशक्तीपलीकडे सहसा जात नाही. वजनात होणारी घट हा अधिक विश्वासार्ह लाभ आहे. गाडी वेगवान झाल्याचा भास मुख्यतः कानांमुळे होतो.

बसविण्याची पद्धत

काम थंड इंजिनावरच करतात. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्यातील निष्कासाचे स्टड उष्णतेने व गंजाने जाम झालेले असतात. त्यामुळे आदल्या रात्री त्यांवर गंज सैल करणारे तेल सोडणे हिताचे. येथे जोर लावून स्टड तुटला तर हेड उतरविण्याची पाळी येते आणि खर्च नव्या सायलेन्सरच्या वर जातो. ऑक्सिजन सेन्सर प्रथम सोडवून त्याची वायर पिळणार नाही अशा बेताने बाजूला ठेवतात. जुने पॅकिंग पुन्हा वापरत नाहीत.

नवी नळी प्रथम सर्व ठिकाणी सैल अडकवून तिची जागा, मागील चाकाच्या स्विंगआर्मपासूनचे अंतर आणि ब्रेकच्या नळ्यांपासूनचे अंतर पाहतात. मग इंजिनाकडून मागे येत टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या मापाने बोल्ट आवळतात. ताणून बसविलेली नळी कंपनांनी जोडापाशी तडकते. इंजिन चालू करण्यापूर्वी नळीवरील बोटांचे ठसे पुसणे आवश्यक असते, कारण तेलकट ठसे उष्णतेने पोलादावर कायमचे उमटतात. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासतात व जोडापाशी काजळी दिसते का ते पाहतात. सेन्सरच्या पुढच्या जोडातून बाहेरची हवा शिरली, तर सेन्सरला मिश्रणात इंधन कमी असल्याचा चुकीचा संदेश जातो व नियंत्रक नाहक इंधन वाढवितो.

ट्युनिंग

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवेस १ भाग इंधन लागते. कमाल ताकदीसाठी हे प्रमाण सुमारे साडेबारा ते तेरापर्यंत घट्ट ठेवतात. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी पूर्ण ज्वलनाचे प्रमाणच सुमारे साडेतेरावर येते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. मोकळ्या नळीमुळे इंजिन जास्त हवा घेऊ लागले आणि इंधन तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होऊन ज्वलनाचे तापमान वाढते. सततच्या वेगात निष्कास झडप व पिस्टन यांना त्याची झळ बसते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत मेन जेट, पायलट जेट व सुई यांच्या साहाय्याने हे सुधारता येते. जुने मिस्त्री स्पार्क प्लगच्या रंगावरून निदान करीत. फिकट तपकिरी रंग असल्यास प्रमाण योग्य, पांढरट असल्यास मिश्रण पातळ आणि काळा काजळलेला असल्यास घट्ट. ही पद्धत आजही टाकाऊ नाही, मात्र पेट्रोल बदलले की रंगाचा अर्थही किंचित बदलतो.

इंधन इंजेक्शनच्या गाडीत हे काम संगणकीय नियंत्रक करतो. त्यामुळे 'गाडी स्वतःच जुळवून घेते' असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. निवांत, स्थिर वेगात नियंत्रक ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतो. थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर मात्र तो आधीच साठविलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो, आणि तो तक्ता मूळ सायलेन्सर गृहीत धरून केलेला असतो. हा तक्ता बदलणे म्हणजे 'रीमॅप'. डायनोवर, मिश्रण मोजणारा रुंद पट्ट्याचा सेन्सर लावून केलेले रीमॅपच भरवशाचे असते. इंटरनेटवरून उतरविलेला दुसऱ्याच्या गाडीचा तक्ता हवामान, इंधन व नळी यांचा विचार करीत नाही.

थ्रॉटल सोडताना होणारे बारीक फटाके बहुधा जोडातील गळतीचे किंवा पातळ मिश्रणाचे लक्षण असते. किल्ली चालत्या गाडीत बंद-चालू करून मुद्दाम काढले जाणारे फटाके वेगळे. त्यात न जळलेले मिश्रण तप्त सायलेन्सरमध्ये साठते व पुन्हा ठिणगी पडताच तेथेच पेटते. या खेळात परिवर्तकाची जाळी फुटते वा वितळते.

आवाज व कायदा

पर्यावरण (संरक्षण) नियमांत उत्पादनाच्या टप्प्यावर १७५ घनसेंटिमीटरवरील दुचाकींसाठी ८० डेसिबलची मर्यादा दिलेली आहे. डेसिबलचे माप घातांकी असल्याने ९० डेसिबल म्हणजे ८० पेक्षा दहापट ध्वनिशक्ती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावात रात्री पार्श्वभूमीचा गोंगाट अत्यल्प असतो, त्यामुळे अशी एक गाडी शहरातल्यापेक्षा कितीतरी दूरवर ऐकू जाते आणि झोपलेल्या तान्ह्या मुलांपासून आजारी वृद्धांपर्यंत सर्वांना जागे करते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार आवाज कमी करणारे साधन प्रत्येक वाहनास सक्तीचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांस मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड व परवान्यावर गदा येऊ शकते. सायलेन्सर परदेशी व नामांकित कंपनीचा आहे किंवा त्यावर युरोपीय मान्यतेचा शिक्का आहे, हा बचाव पुरेसा ठरत नाही. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, उदाहरणार्थ चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूर येथील करी मोटर स्पीडवे येथे, स्पर्धेच्या नियमांनुसार अशा प्रणाली वापरल्या जातात. अशा गाड्या ट्रकवर किंवा ट्रॉलीवर चढवून तेथे नेल्या जातात. रस्त्यावरही तीच गाडी वापरणारे अनेक चालक मूळ सायलेन्सर व मूळ तक्ता जपून ठेवतात आणि परतताना दोन्ही पूर्ववत करतात. नुसता सायलेन्सर परत बसवून नवा तक्ता तसाच ठेवल्यास मिश्रण गरजेपेक्षा घट्ट राहते, पेट्रोल जास्त जाते व प्लग काळा पडतो.