गोल दिसलं म्हणून...

सहाराच्या पश्चिम भागात, मॉरिटानियातल्या वादान गावाजवळ, उपग्रहाचं चित्र सरकवणारं बोट आपसूक थबकतं. वाळवंटात कुणी मुद्दाम आखल्यासारखी एकात एक कडी, सगळ्यांत बाहेरचं सुमारे 40 किलोमीटर रुंद. हे रिशाट. जून 1965 मध्ये जेमिनी 4 यानातून जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट यांनी त्याचे फोटो घेतले आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. तिथे प्रत्यक्ष उभं राहणाऱ्याला मात्र दिसतात त्या बुटक्या टेकड्यांच्या रांगा. त्या वळत वळत परत येऊन मिळतात हे पायी चालताना लक्षात येणं कठीणच.

इतकं गोल म्हणजे उल्काच पडली असणार! भल्याभल्यांना तसंच वाटलं. प्रचंड दाबाखालीच तयार होणारं कोएसाइट नावाचं खनिज तिथे मिळाल्याचंही 1960च्या दशकात जाहीर झालं. फेरतपासणीत ते निघालं साधं बॅराइट. आघाताची दुसरी कुठलीही खूण खडकांत नव्हती. खरा प्रकार उलटा होता. वरून काही आदळलं नव्हतं. खालून वर आलेल्या शिलारसाने खडकांचे थर घुमटासारखे फुगवले. मग वाऱ्यापावसाने तो घुमट माथ्यापासून झिजवत आणला. कांदा आडवा कापला की दिसतात तशी चकत्यांची कडी उघडी पडली: कठीण क्वार्ट्झाइटचे कंगोरे राहिले, मऊ खडकांच्या जागी खोलगट पट्टे झाले, आणि सगळ्यांत जुना खडक आला मधोमध.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराची गंमत नेमकी याच्या विरुद्ध. सगळा मुलूख ज्वालामुखीच्या काळ्या कातळाचा, त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचंच, असं कितीतरी काळ मानलं गेलं. पण दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला होता, आणि विवराची धार तर अजून ताजी. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथे मास्केलिनाइट सापडल्याचं पुढे आलं. ही एक काच. खनिज न वितळता, निव्वळ धक्क्याने त्याची काच होते, आणि असला धक्का ज्वालामुखीच्या आवाक्यातला नव्हे. बेसाल्टमध्ये कोरलं गेलेलं इतकं सुस्थितीतलं आघात-विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून मंगळ आणि चंद्राचे अभ्यासकही लोणारला येतात.

लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 30 मीटरचा चौकोन. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं लोणार रुंदीला अशा साठेक ठिपक्यांत मावतं. तरीही बरंच काही वाचता येतं. भोवतालच्या शेतांचे चौकोन कडेशी येऊन एकदम तुटतात. आतल्या उतारावर झाडीचं गडद कडं, मधे पाणी. ईशान्येला धार नावाच्या ओहोळाने काठ चिरलाय, आणि त्याने आणलेला गाळ पाण्यापर्यंत पंख्यासारखा पसरलाय. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा तो रंगही उपग्रहाने टिपला. वाढलेल्या खारेपणात फोफावलेल्या सूक्ष्मजीवांची ती करामत.

एक चकवा मात्र हटकून बसतो. असे बरेचसे उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला, म्हणजे नकाशात खाली उजवीकडे असतो. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची सवय. मग खड्ड्याचा उजळलेला वायव्येचा उतार टेकडीची उन्हातली बाजू वाटू लागतो आणि लोणारचं तळं चक्क डोंगरमाथ्यावर चढून बसतं! चित्र उलटं धरा, तळं धपकन खाली जातं. दऱ्या आणि डोंगर ओळखायला बसण्याआधी सावली कुठल्या बाजूला पडलीये ते पाहावं, ते यासाठी.

हाताशी नकाशा असेल तर राजस्थानातल्या बारां जिल्ह्यातलं रामगढ शोधा. सपाट शेतांतून एकदम उठलेलं, मधे पोकळ असं डोंगराचं कडं. आत एक जुनं शिवमंदिर. एकोणिसाव्या शतकापासून भूवैज्ञानिक या कड्याच्या उगमावरून वाद घालत होते. ते उल्केचंच, हा निकाल लागला 2020 साली, तोही खडकाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर.