राजा भोज, लिओनार्दो आणि झाकलेली विद्या



‘प्रबोधनकाळातील कलावंत आणि संशोधक’ असा विषय मला सुचविण्यात आला, तेव्हा लिओनार्दो दा विंचीचे नाव मनात येणे स्वाभाविकच होते. परंतु धार आणि देवास येथील श्रोत्यांपुढे उभे राहून राजा भोजाला वगळणे मला शक्य नाही. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर माळव्यात आलेल्या पवारांनी धारला एक आणि देवासला थोरली व धाकटी पाती अशी दोन संस्थाने स्थापिली, आणि आपले कूळ भोजाच्या परमार वंशाशी जोडले. तेव्हा भोज हा इथल्या मराठी घरांना परका नाही.

मी जन्मभर काव्यशास्त्र शिकविले. त्यामुळे भोज मला प्रथम भेटला तो ‘शृंगारप्रकाश’ या छत्तीस प्रकाशांच्या प्रचंड ग्रंथाचा कर्ता म्हणून. पुढे कळले की व्याकरण, योग, ज्योतिष आणि वास्तुशास्त्र या विषयांवरील ग्रंथही त्याच्या नावावर आहेत. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेत राज्य करणाऱ्या या राजाला दरबारच्या पंडितांचे साहाय्य असणारच. तरीही एवढ्या विद्या एका छत्राखाली आणणारी बुद्धी असामान्य होती, हे मान्य करावे लागते.

त्याचा ‘समरांगणसूत्रधार’ हा त्र्याऐंशी अध्यायांचा ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादिला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो १९२४ व १९२५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. नगररचना, राजवाडे, देवळे, मूर्ती व चित्रकला यांच्या जोडीला त्यात यंत्रविधानाचा एक स्वतंत्र अध्याय, एकतिसावा, आहे. पंचमहाभूतांच्या गतीला आपल्या इच्छेप्रमाणे वळविते ते यंत्र, अशा आशयाची व्याख्या तेथे येते. नाचणाऱ्या बाहुल्या, दारावर उभे राहणारे लाकडी रक्षक, पाण्याचे फवारे उडविणारी धारागृहे यांचे वर्णन आहे. पाऱ्याच्या बळावर आकाशात जाणाऱ्या लाकडी पक्ष्याचाही उल्लेख आहे. तेवढ्यावरून भोजाने विमान उडविले, असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. ग्रंथात आहे ते काही श्लोकांतील वर्णन. त्यावरून यंत्र जुळविता येईल असे माप वा आकृती तेथे नाही.

हे का नाही, याचे उत्तर ग्रंथकारानेच दिले आहे. यंत्रांची घडण सांगितली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी. उघड केलेली यंत्रे फलदायी होत नाहीत, असा त्याचा अभिप्राय आहे. ती विद्या परंपरेने, गुरूच्या उपदेशाने आणि प्रत्यक्ष कामातूनच मिळावयाची. गुरुशिष्यांची साखळी अखंड असेपर्यंत ही व्यवस्था चालते. साखळी तुटली की श्लोक उरतो आणि यंत्र जाते.

लिओनार्दोची कथा याहून फार निराळी नाही. १४५२ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने शरीररचना, पाण्याचे प्रवाह, पक्ष्यांचे उड्डाण आणि नाना यंत्रे यांची टिपणे डाव्या हाताने, उलट्या लिपीत लिहिली. त्यांपैकी सुमारे सात हजार पृष्ठे आज उपलब्ध आहेत. परंतु १५१९ मध्ये तो वारला तोवर त्याचा एकही ग्रंथ छापला गेला नव्हता. वह्या शिष्य मेल्झीकडे गेल्या, आणि त्याच्या मागे विखुरल्या. चित्रकलेवरील विवेचन १६५१ मध्ये पॅरिसला छापले गेले. शरीररचनेची रेखाटने जगापुढे यावयास आणखी दोन शतकांहून अधिक काळ लागला. तोवर इतरांनी तीच वाट नव्याने शोधली होती.

आपल्या माळव्यात मात्र उघड्या विद्येचीही उदाहरणे आहेत. धारच्या भोजशाळा-कमाल मौला वास्तूत वर्णमाला आणि धातूंचे प्रत्यय सर्पाच्या वेटोळ्यांत कोरलेले आहेत. व्याकरण दगडावर कोरून सर्वांपुढे मांडलेले! बेतवाकाठी भोजपूरचे अपुरे शिवमंदिर आहे. त्याच्या भोवतालच्या खडकांवर स्तंभ, शिखर आणि तलविन्यास यांच्या रेखाकृती कोरलेल्या दिसतात, आणि दगड वर चढविण्याचा उतरता बांधही मागे उभा आहे. पूर्ण झालेली मंदिरे आपली कृती लपवितात. हे अपुरे मंदिर ती आजही शिकविते.

याच्या उलट धारचा लोहस्तंभ पाहा. त्याचे तीन तुकडे लाट मशिदीजवळ ठेवलेले आहेत. मिळून लांबी सुमारे तेरा मीटर, म्हणजे दिल्लीच्या लोहस्तंभाहून पुष्कळ अधिक. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकमेकांस सांधून तो घडविला, एवढे अभ्यासकांनी लोखंड तपासून ठरविले. ज्या लोहारांनी तो घडविला त्यांचा एकही शब्द आपल्यापाशी नाही.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज कारखान्यांत, दवाखान्यांत, शेतीत, पेढ्यांवर आणि गाण्याच्या बैठकींत आहेत. प्रत्येकापाशी हातात मुरलेले काही कसब आहे, आणि त्यासाठी लागणारे मराठी शब्द माळव्यातील आपल्या घरांतून झपाट्याने कमी होत आहेत. माझी एक विनंती आहे. आपल्या कामाची कृती, मापांसह आणि आकृतीसह, चार पानांत मराठीत लिहा आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. भाषा साधी असली तरी चालेल. कोणत्याही अनोळखी मुलाला ते वाचून काम सुरू करता यावे. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी आपल्याला जे उघड करून दिले, त्याचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.