डेल्फ्टच्या चहावाट्या: काठाचा टवका काय सांगतो

निळी नक्षी, वर वळलेल्या छपराचे मंडप, घोळदार झग्यातली माणसं. अशी जुनी चहाची वाटी दिसली की ती चीनहूनच आली असणार, असं आपण धरून चालतो. पण हॉलंडमधल्या डेल्फ्टची वाटी चिनी तर नाहीच, चिनी मातीचीही नाही. काठाचा टवका उडालेला असेल तर तिथेच पाहावं. वर पांढरा पातळ थर आणि आत पिवळसर, सच्छिद्र माती. चिनी मातीचं भांडं आतपर्यंत पांढरं असतं.

हा वरचा पांढरेपणा कथिलाचा. कल्हईला लागतं तेच कथील, पण इथे त्याचं ऑक्साइड शिशाच्या झिलईत मिसळतात आणि झिलई दुधाळ, अपारदर्शक होते. ही युक्ती डेल्फ्टची, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याचे कुंभार ती वापरत होते आणि तेही चिनी पांढऱ्या भांड्यांच्या ओढीनेच. पुढे स्पेन, इटली, अँटवर्प असं करत ती डच गावांत पोचली.

‘स्वस्तातली नक्कल’ हा शिक्का मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. 1644 मध्ये मिंग राजवट कोसळली, त्या धामधुमीत चिनी मालाची आवक आटली आणि डेल्फ्टच्या कारागिरांनी ती जागा भरून काढली. अस्सल चिनी मातीची भांडी करणारा जर्मनीतल्या माइसनचा कारखाना 1710 चा, म्हणजे बऱ्याच नंतरचा. शिवाय हे रंगकाम सोपं नव्हे. न भाजलेली झिलई भुकटीसारखी असते, कुंचला टेकताच रंग पिऊन टाकते. कोबाल्टची निळी रेघ चुकली की चुकली, पुसायची सोय नाही. एवढ्याशा वाटीवर अख्खी बाग उभी करणारा हात कसलेलाच हवा.

वाटीला कान नाही म्हणून ती मोडकी ठरवू नये. चिनी वाट्यांना कान नसे, म्हणून हिलाही नाही. गरम चहा मात्र या मातीला मानवत नसे. ती तडकायची, काठाची झिलई उडायची.

तळाच्या खुणेवरही विसंबू नये. डेल्फ्टमधल्या ‘ग्रीक ए’ कारखान्याचे मालक आड्रियानस कॉक्स यांची ‘एके’ ही जोडाक्षरी खूण 1686 ते 1701 या काळातली, पण एकोणिसाव्या शतकातल्या नकलांवरही ती सर्रास दिसते. त्यामुळे खुणेआधी माती, झिलई आणि रेघ पाहावी.