भातसाचं पाणी आणि भातसाची माणसं

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातले ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे निम्म्याला जेमतेम कमी, एकट्या भातसाचे. हे पाणी नदीतून भिवंडी तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईत जातं. शहापूर तालुक्यातलं भातसानगर ही याच धरणासाठी वसलेली सरकारी वसाहत. तिच्या आसपासच्या पाड्यांमधून, खाली मुरबाडपर्यंतच्या कातकरीवाड्यांमधून दिवाळी सरली की माणसंही साधारण त्याच दिशेनं उतरतात, भिवंडीकडे, कल्याणकडे, वीटभट्ट्यांवर. तलावांतल्या पाण्याचा हिशेब मुंबई महापालिका रोज जाहीर करते. माणसांचा कुणी ठेवत नाही.

स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भूमध्य समुद्रातली खच्चून भरलेली होडी येते, नाहीतर ‘डंकी’ मारून अमेरिकेला निघालेला पंजाबी पोरगा. त्या वाटांवर मेलेल्यांची आणि हरवलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची स्थलांतर संघटना २०१४ पासून ठेवते आहे. ती नोंद अपुरी आहे, पण आहे. शहापूर ते भिवंडी हे अंतर एसटीनं दोन तासांचंही नाही. इतक्या जवळच्या वाटेला वाट तरी कोण म्हणणार?

जाणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा कातकऱ्यांचा. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींत त्यांची गणना होते. ठाकूर, महादेव कोळी यांच्याकडे निदान भाताचं खाचर असतं; बहुतेक कातकऱ्यांकडे तेही नाही, आणि कित्येक वाड्या दुसऱ्याच्याच मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. पावसाळ्यात लावणीची मजुरी, मग कापणी, आणि पुढे काही नाही. धरणांचा तालुका म्हणवणाऱ्या शहापुरात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात, तिथे दुसऱ्या पिकाची गोष्टच नको. रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्रानं दिली, १९७२ च्या दुष्काळात. पण हमीचं काम आधी काम मागतं आणि मजुरी मागाहून देतं. भट्टीवाला उलटं करतो. तो पैसे आधी देतो.

या पैशाला बयाणा म्हणतात. भर पावसात घरात दाणा नसतो, कुणी आजारी पडतं, पोरीचं लग्न निघतं, आणि नेमकी तेव्हाच शेटची किंवा त्याच्या मुकादमाची गाठ पडते. रक्कम काही हजारांची. बदल्यात दिवाळीनंतर नवरा-बायकोनं भट्टीवर यायचं. पोरं आपोआपच येतात. तिथे माती मळायची, विटा थापायच्या, वाळवायच्या, रचायच्या. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण हातात येत नाही. आठवड्याला मिळते ती खर्ची, तांदूळ-तेल-मिठापुरती. खरा हिशेब भट्टी बंद होताना, पावसाच्या तोंडावर. बयाणा वजा, खर्ची वजा, अवकाळीनं भिजून विरघळलेल्या विटा वजा. वही शेटची, आकडे शेटचे, आणि समोर बसलेल्याला बहुतेकदा अक्षर येत नाही. काही शेट हिशेब चोख करतातही. पण बाकी अंगावर निघाली, तर पुढच्या हंगामाचं ठिकाण ठरलेलंच.

हे नवं नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी ७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्यात किसान सभेची परिषद भरवली आणि त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस बायकोसकट सावकाराकडे राबायचा, तो लग्नगडी. बयाण्याची मुदत हंगामापुरती आणि सावकाराच्या जागी भट्टी, एवढाच फरक मला दिसतो. वेठबिगारी १९७६ च्या केंद्रीय कायद्यानं बंद झाली. पुढे १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं वेठबिगारांना मुक्ती दाखले मिळवून दिले. मजूर राहतात त्या कच्च्या विटांच्या नि पेंढ्याच्या झोपडीला भोंगा म्हणतात. संघटनेशी जोडलेल्या विधायक संसदेनं भट्ट्यांवरच मुलांसाठी भोंगाशाळा भरवल्या. मुक्त झालेल्या पुरुषाला सरकारी योजनेतून एक लाख रुपये आणि स्त्रिया-मुलांना दोन लाख मिळू शकतात. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाल्याशी जोडलेली. म्हणजे खटला उभा राहायला हवा, टिकायला हवा, आणि साक्षीदार तोवर दुसऱ्या भट्टीवर गेलेला नसावा.

स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता. ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, जाण्यायेण्याचं भाडं, विस्थापन भत्ता. कागदावर चांगला कायदा, पण अट एकच: मजुरानं राज्याची सीमा ओलांडलेली हवी. तो आता नव्या श्रमसंहितेत विरला, तरी व्याख्येत ‘आंतरराज्य’ कायम आहे. मुरबाडहून भिवंडीला सात महिने बिऱ्हाड नेणारं कातकरी कुटुंब जिल्ह्याची हद्दही ओलांडत नाही. सबब ते स्थलांतरितच नाही.

ज्यांनी सीमा ओलांडली, त्यांचं तरी काय झालं, हे शहापूर तालुक्यानं २०२० मध्ये पाहिलं. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि मुंबई-ठाण्यातून उत्तरेकडे निघालेली माणसं मुंबई-आग्रा महामार्गानं शहापूर, खर्डी, कसारा घाट अशी चालू लागली. पायी, सायकलवर, बायकापोरं कोंबलेल्या रिक्षांतून. पोलीस अडवत, म्हणून काहींनी रस्ता सोडून आडवाटा नि रूळ धरले. आपल्याच देशात, आपल्याच घरी जाणं चोरून करावं लागलं. वाटेत अडवून नाशिकच्या निवारा केंद्रांत ठेवलेल्या सुमारे साडेतीनशे जणांना घेऊन १ मेच्या रात्री राज्यातली पहिली श्रमिक गाडी भोपाळला सुटली. दुसऱ्याच दिवशी इंदूर-उज्जैन रस्त्यावर पोलिसांनी एक काँक्रीट मिक्सर थांबवला. त्याच्या पोटात महाराष्ट्रातून लखनौकडे निघालेले १८ जण बसलेले होते. ८ मेला करमाडजवळ, जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघून तिथेच झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. १४ मेला महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशाकडे निघालेल्या ट्रकला मध्य प्रदेशात गुन्याजवळ बसची धडक बसली, आठ मेले. सप्टेंबरात संसदेत विचारणा झाली, तेव्हा अशा मृत्यूंची आकडेवारी नाही, असं केंद्रीय श्रम मंत्रालयानं सांगितलं.

मुंबई-आग्रा महामार्गाला नवी जोड म्हणून समृद्धी महामार्ग आला. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यातल्या सरलांबे गावाजवळ पुलाचे गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि २० जण मेले. बरेचसे परप्रांतांतून आलेले. इथली माणसं कामासाठी खाली उतरलेली, इथल्या कामाला माणसं हजार मैलांवरून आणलेली. ठेकेदारीचं गणित असंच चालतं. घरापासून तुटलेला मजूर काम सोडून जात नाही.

कसारा घाट चढला की इगतपुरी. त्या तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरीवाडीतली दहा वर्षांची एक मुलगी सप्टेंबर २०२२ मध्ये मरण पावली, तेव्हा उघड झालं, की एखादी मेंढी आणि काही हजार रुपये देऊन मेंढपाळांनी वाडीतली मुलं राबायला नेली होती. काही मुलांची नंतर सुटका झाली, गुन्हे नोंदले गेले. बयाण्याचंच हे टोक: कर्जाला तारण ठेवायला घर-जमीन नसेल, तर मूल उरतं.

करण्याजोगं काही हाताशी आहे का? शहापूर हा सबंध तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडचा आणि भिवंडीचा काही भागही. अशा क्षेत्रात आदिवासींसोबतच्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला आणि पंचायतींना देऊ केला आहे. बयाणा ही सावकारी नव्हे, तर दुसरं काय? कुणी किती घेतला, कोणत्या भट्टीसाठी, कुटुंबात माणसं किती, परत कधी येणार, एवढं ग्रामसभेच्या वहीत उतरलं, तर पावसाळ्यापूर्वीच्या हिशेबाला शेटच्या वहीसमोर ठेवायला दुसरी वही असेल. अडचण तारखांची आहे. २६ जानेवारी आणि १ मेच्या ग्रामसभांना वाड्यांना कुलपं असतात. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला मात्र ही माणसं गावात असतात, आणि बयाण्याचा व्यवहारही तेव्हाच चालू असतो.