कोरी टेप काय सांगते?

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण 34,000 लिटर हवा मावते. त्या हवेत तीन-चार थेंबांच्या आकारमानाइतका आर्साइन वायू मिसळला, तर त्याचं प्रमाण होतं अब्जात 5 भाग. आठ तासांच्या पाळीसाठी अमेरिकेतले औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ हीच मर्यादा सांगतात. आर्साइनला लसणासारखा मंद वास असतो, पण तो नाकाला कळेपर्यंत प्रमाण या मर्यादेच्या सुमारे शंभरपट झालेलं असतं. ना डोळे चुरचुरत, ना खोकला येत. आत मात्र रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असतात आणि काही तासांनी लघवी लालसर झाली की मगच माणूस हादरतो.

संगणकाच्या चिप बनवताना सिलिकॉनमध्ये आर्सेनिक किंवा फॉस्फरस अगदी मोजून मिसळावा लागतो. त्यासाठी आर्साइन आणि फॉस्फीन सिलिंडरमधून आणतात. या अत्याधुनिक कारखान्यांत गळतीवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणांपैकी एक फार जुन्या धर्तीचं आहे. त्यात एका रिळावरून दुसऱ्या रिळावर सरकणारी कागदाची पट्टी, म्हणजेच टेप, असते. लेसर आहेत, विद्युत-रासायनिक सेल आहेत, तरी कागद अजून हटलेला नाही.

काम करण्याची रीत सरळ आहे. कागद एका रसायनात भिजवून वाळवलेला असतो. कोणतं रसायन, हे बनवणाऱ्या कंपन्या सहसा सांगत नाहीत. छोटा पंप हवा ओढतो आणि ती टेपच्या एका ठरावीक चौकटीतून जाते. हवेत तो वायू असला तर तिथे डाग उमटतो. एलईडीचा प्रकाश त्या चौकटीवर पडतो आणि परतणारा प्रकाश एक फोटोसेल मोजतो. डाग गडद, तर परतणारा प्रकाश कमी. किती वेळात किती काळवंडलं, यावरून हवेतलं प्रमाण काढता येतं.

यात मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच आहे. हवा सोडण्याआधी यंत्र कोऱ्या चौकटीचा उजेड मोजून ठेवतं आणि नंतरचा आकडा त्याच्याशी ताडतं. कागद जरा मळकट असला, एलईडी थोडा मंदावला, तरी दोन्ही मोजमापांवर सारखाच परिणाम होतो आणि तुलनेत तो गळून जातो. शिवाय चौकट वापरून झाली की टेप पुढे सरकते. कालच्या वायूने थकलेला संवेदक आज वापरायचाच नाही, दर वेळी नवा.

कागदावर विष ओळखण्याची कल्पना जुनीच. आर्साइनचा शोध शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1775 मध्ये लावला. 1815 मध्ये त्यावरच प्रयोग करताना आडोल्फ गेहलेन हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ दगावला. इंग्लंडच्या जेम्स मार्शने 1836 मध्ये विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी जी चाचणी दिली, तिच्यातही नमुन्यातल्या आर्सेनिकचा आधी आर्साइनच करायचा असे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात गुट्झाइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो वायू सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर सोडला आणि कागदावरचा डाग बघायला सुरुवात केली. आजच्या टेपमागची कल्पना तीच. फक्त डाग बघणाऱ्या डोळ्याच्या जागी फोटोसेल आला.

याच कुळातली दुसरी टेप नैसर्गिक वायूच्या धंद्यात चालते. तिच्यावर लेड ॲसिटेट असतं आणि हायड्रोजन सल्फाइड लागला की लेड सल्फाइडचा तपकिरी-काळा डाग पडतो. आपल्या वसईचं नाव लावणाऱ्या, मुंबईपुढच्या समुद्रातल्या दक्षिण बेसिन क्षेत्राचा वायू हे विष सोबत घेऊनच वर येतो. तो काढून टाकण्याचं काम सुरतेजवळ हाजिऱ्याच्या प्रकल्पात होतं. पुढे पाइपलाइनमध्ये जाणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड किती चालेल, याचे कडक नियम असतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ही मर्यादा दशलक्षात सुमारे 4 भाग आहे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास नाकाला अगदी थोड्या प्रमाणातही कळतो, पण दशलक्षात 100 भागांच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. म्हणून नाकावर विसंबून चालत नाही.

ही टेप ओलसर लागते. पाइपलाइनचा वायू मात्र मुद्दाम सुकवलेला असतो. त्यामुळे तो टेपवर जाण्याआधी एका छोट्या बाटलीतल्या द्रावणातून बुडबुडे काढत नेतात आणि ते द्रावण म्हणजे पाण्यात 5 टक्के ॲसिटिक ॲसिड. स्वयंपाकघरातला व्हिनेगर साधारण याच ताकदीचा असतो! बाटली सुकली तर अभिक्रिया मंदावते, डाग फिका पडतो आणि आकडा असायला हवा त्यापेक्षा कमी दिसतो. अलार्म वाजत नाही, सगळे खूश. असल्या यंत्राची देखभाल करणाऱ्याने पहिल्यांदा या बाटलीत डोकवावं.

दुसऱ्यांदा बघावं ते वापरलेल्या रिळाकडे. आकड्यांचा पडदा नंतर. टेपवरचे डाग सारख्या अंतरावर, काठ स्वच्छ कापल्यासारखे असतील तर यंत्र ठीक चाललंय. काठ पसरट, धुरकट असतील तर टेप दाबून धरणारी यंत्राची चौकट नीट बसत नाही आणि हवा बाजूने निसटते. एका डागावर दुसरा चढला असेल तर टेप पुढे सरकत नाही. बहुधा ओढणारा रबरी रोलर झिजलेला किंवा गुळगुळीत झालेला असतो. डाग एका कडेला सरकले असतील तर रीळ वाकडं बसलंय. आणि अख्खी टेपच फिकट रंगलेली दिसली, तर पाकीट आधीच फोडून ठेवलं होतं, उजेड लागला होता किंवा मुदत संपली होती. टेपवर मुदतीची तारीख असते आणि काही प्रकारच्या टेप फ्रिजमध्येच ठेवाव्या लागतात, हे स्टोअरमधल्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. कागदाचे बारीक तंतू यंत्राच्या या चौकटीत साठतात, तेही वेळोवेळी काढावे लागतात.

इथपर्यंतचे बिघाड निदान डोळ्यांना दिसतात. खरा पेच कोऱ्या टेपचा आहे. टेप कोरी राहिली याचा अर्थ हवेत वायू नाही, की हवाच टेपपर्यंत पोचत नाही? कागदाला दोन्ही सारखंच. म्हणून यंत्रात फ्लोचा पहारा असतो: फिल्टर तुंबला, नळी मुरगळली, नळीत पाणी साचलं, पंपाचा पडदा फाटला, तर फ्लो घसरतो आणि बिघाडाचा दिवा लागतो. या दिव्याला शिव्या घालत फिल्टर बदलणं हे टेक्निशियनचं रोजचं काम.

पण एक चोर या पहाऱ्यातून सुटतो. यंत्र सहसा एका खोलीत असतं आणि नमुना घेण्याची जागा दूर. मधे लांब नळी. ही नळी यंत्राजवळच्या जोडावर सैल झाली, तर पंप आनंदाने खोलीतलीच स्वच्छ हवा ओढत राहतो. फ्लो झकास, टेप कोरी, आकडा शून्य. उपकरणाच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे, फक्त हवा भलत्याच जागेची.

याला उतारा इतका साधा आहे की विश्वास बसू नये. नळीच्या दूरच्या टोकाशी जायचं आणि ते बोटाने बंद करायचं. यंत्रापाशी उभ्या असलेल्या जोडीदाराने फ्लो बघायचा. तो शून्याकडे गेला पाहिजे. नाही गेला, तर मधे कुठेतरी गळती आहे. मग एकेक जोड उघडून शोधत बसायचं.

नळीचा अजून एक हिशेब असतो. आतला व्यास 4 मिलिमीटर आणि लांबी 30 मीटर असेल, तर नळीत पावणेचारशे मिलिलिटर हवा मावते. पंप मिनिटाला अर्धा लिटर ओढत असेल, तर टोकाशी आलेला वायू टेपपर्यंत पोचायला पाऊण मिनिट लागेल. डाग पडायला लागणारा वेळ वेगळा. म्हणूनच काही यंत्रं नळीतून जोरात हवा ओढतात आणि तिच्यातली थोडीशीच टेपवर नेतात. हायड्रोजन फ्लोराइड, हायड्रोजन क्लोराइड असे वायू तर आणखी खोडकर. ते नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. त्यांच्यासाठी टेफ्लॉनच्या वर्गातली नळी लागते, ती शक्य तितकी आखूड आणि कोरडी ठेवावी लागते. स्वस्तातली प्लास्टिक नळी लावली की वायूचा काही भाग वाटेतच मुरतो.

वापरलेल्या टेपबद्दल आणखी एक. लेड सल्फाइडचा डाग उजेडात हळूहळू फिका होतो, म्हणून वापरलेली टेप वर्षभर खिडकीत ठेवून पुरावा म्हणून दाखवता येणार नाही.  

आता तपासणीकडे. प्रकाश मोजणारा भाग तपासायला विषारी वायूची गरज नाही. ठरावीक छटा छापलेलं एक कार्ड चौकटीत सरकवायचं आणि यंत्र ती छटा बरोबर वाचतं का ते बघायचं. सोय मोठी आहे, पण माझ्या मते याच सोयीने गाफीलपणाही येतो. कार्ड पास झालं म्हणजे प्रकाशाचा भाग पास झाला. कागदावरचं रसायन जिवंत आहे का, नळी शाबूत आहे का, हे कार्डाला ठाऊक नसतं. ते जाणायचं तर प्रमाण माहीत असलेला खरा वायू नळीच्या अगदी शेवटच्या टोकाशी सोडून डाग उमटायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून बघायचं, आणि तो आकडा नोंदवहीत लिहून ठेवायचा. पुढच्या खेपेला दहा-वीस सेकंद जास्त लागले, तर अलार्म कधीही न वाजलेल्या यंत्राचीही नळी, फिल्टर आणि पंप तपासायला घ्यावेत.