चौदावा रोजा आणि आण्णांची बारी

यंदा २ एप्रिलला पाडवा झाला आणि ३ एप्रिलला पहिला रोजा. पाडव्यापासून आमच्या लोणी-धामणीच्या पट्ट्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि जत्रा म्हटलं की बैलगाडे आलेच. एरवी रमजान आणि गाडे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. यंदा आले, आणि नेमके अशा वर्षी आले की सात चैत्र कोरडे गेल्यावर घाटात पहिल्यांदाच राजरोस निशाण पडतंय.

"रोजा धरून घाटात जाणार का?" असं मला गेल्या पंधरवड्यात निदान वीस जणांनी विचारलं असेल. काहींनी काळजीनं, बऱ्याच जणांनी गमतीनं आणि एक-दोघांनी जरा वेगळ्या सुरात. तर गेलो. परवा शनिवारी, चैत्री पौर्णिमेला, चौदाव्या रोजाला.

पुण्यात नोकरीला गेलेल्या आणि गाडे फक्त मोबाइलवर बघणाऱ्या पोरांसाठी थोडं सांगतो. बाकीच्यांनी एवढं सोडून पुढं वाचलं तरी चालेल. सातारा-सांगलीकडं छकडीत माणूस बसतो आणि सपाट रानात शर्यत होते. आपल्याकडं जुन्नर, आंबेगाव, खेडला घाट असतो, म्हणजे चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल: एक जोडी जुकाटाला, एक कांड्याला, आणि त्यांच्याही पुढं घोडी. गाड्यात कुणीच नसतं. खाली माणसं बैल धरून उभी असतात, निशाण पडलं की सोडतात आणि बैल घोडीच्या मागं आपल्या मनानं चढ चढून जातात. ही झाली बारी. बारा-तेरा सेकंदांत खेळ संपतो. दिवसात सगळ्यात कमी सेकंदांत आलेला गाडा घाटाचा राजा. या बारा सेकंदांसाठी वर्षभर दूध, अंडी, उडीद, खारीक. घरातल्या पोराला रोज दूध मिळतं का, हे विचारायचं नाही.

२०११ च्या जुलैत केंद्र सरकारनं बैलाचं नाव एका यादीत घातलं. ज्या प्राण्यांचे खेळ करायला मनाई आहे, त्यांची ती यादी. वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि त्यांच्या पंगतीला आपला बैल. मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, त्याला उच्च न्यायालयात स्थगिती आली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली; घटनापीठाचा निकाल तेव्हा अजून यायचा होता. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी लांडेवाडीला शर्यत ठरली होती. गाडे तयार, मांडव तयार, आणि कोरोनाच्या नव्या लाटेपायी ऐनवेळी परवानगी गेली. त्यामुळं हा चैत्र म्हणजेच खरी सुरुवात.

यात माणसांचं काय झालं ते सगळे बोलतात. मला बैलांचं बोलायचंय. बैल आदत असताना घाटात उतरतो, दोन दाती, चार दाती होतो, दात जुळतात आणि मग चार-पाच वर्षं त्याची असतात. २०१४ ला जो खोंड होता, त्याचं ऐन वय निव्वळ दावणीला गेलं. आमच्या शेजारच्या आण्णांकडं असा एक बैल आहे, लक्ष्या. खिलार, कोसा रंग, शिंगं अशी की मागून बघितलं तरी ओळखावा. बंदीच्या काळात आण्णांच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी जोड्या विकल्या. आण्णांनी विकला नाही. आमचा हा पूर्वेचा पट्टा पाण्याला महाग. उन्हाळ्यात माणसं टँकरकडं डोळे लावून बसतात. त्यात न पळणारा बैल सात वर्षं सांभाळायचा. आण्णांची बायको दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "हा काय पाहुणा आहे का?" आण्णा गप्प. लक्ष्या आता म्हातारपणाकडं झुकलाय आणि परवा, आयुष्यात पहिल्यांदा, जत्रेच्या घाटात कांड्याला पळाला.

आमच्या भागात गाडामालकांत शेख आहेत, तांबोळी आहेत, मोमीन आहेत. यात नवलाचं काही नाही आणि त्याचं कौतुक करा असंही माझं म्हणणं नाही. बैल चालतोय का, एवढंच घाटात बघतात. फरक घाटाबाहेर पडतो. बैल टेम्पोत घालून दुसऱ्या तालुक्यात न्यायचा तर जनावराचे कागद बरोबर ठेवावे लागतात. मालकाचं नाव शेख असेल, तर ते वरच्याच खिशात ठेवावे लागतात. माझा एक नातेवाईक टेम्पोत पुढं आण्णांसारखा एखादा टोपी-धोतरवाला बसल्याशिवाय निघत नाही. हसत हसत सांगतो तो, पण निघत नाही.

आता रमजान आणि चैत्राची गाठ कशी पडली ते. दोन्ही महिने चंद्राचेच. पण पंचांगात साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यामुळं चैत्र आपला ऋतू सोडत नाही. आंब्याला कैऱ्या आणि घाटाला गाडे हे ठरलेलं. हिजरी वर्षाला अधिक महिना नाही. तसा महिना घुसवायची चाल अरबस्तानात पूर्वी होती, इस्लामनं ती बंद केली. वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळं रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी थंडीतले छोटे दिवस, कधी श्रावणातले, कधी हे असे वैशाखाच्या तोंडाचे. याआधी तो एप्रिलच्या सुरुवातीला आला होता १९८९ ला. मी तेव्हा बारा वर्षांचा. अब्बा मला खांद्यावर नाही, पण हाताला धरून घाटात घेऊन गेले होते आणि मी पाण्यासाठी रडायला लागल्यावर म्हणाले होते, "तुझा रोजा अर्धा झाला, आता घोडी बघ." पोराचं लक्ष दुसरीकडं लावायचा हा उपाय तेव्हा चालला. पुढचा असा योग येईल तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेल.

महिना असा फिरता असल्यामुळं तो प्रत्येक मुलखाच्या हंगामाला कधी ना कधी गाठतोच. २०१० च्या सुमाराला तो ऑगस्टमध्ये होता आणि अमेरिकेत त्यानं फुटबॉलच्या हंगामाची सुरुवात गाठली. तिकडचं फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्यानं अंगावर पडून अडवायचं. पायाचा संबंध कमीच. पण वेड विचाराल तर आपल्या घाटासारखं. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून जास्त माणूस बसतं आणि हंगामाच्या पहिल्या सामन्याला गाव रिकामं होतं. त्याच मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्न नावाचं शहर आहे, फोर्ड मोटारींचं गाव. तिथल्या फोर्डसन शाळेच्या संघात बहुतेक पोरं अरब मुसलमान घरांतली. शाळेचं नाव फोर्डच्या ट्रॅक्टरवालं आणि संघाचं टोपणनावच 'ट्रॅक्टर्स'. आपल्याकडं बैलांचं कौतुक, त्यांच्याकडं ट्रॅक्टरचं.

ऑगस्ट हा तिकडं कसून सराव करायचा महिना. अंगावर जाड पॅड, डोक्यावर शिरस्त्राण, कडक ऊन आणि पाण्याचा घोट नाही. पोरं रोजा सोडायला तयार नव्हती, खेळही सोडायला तयार नव्हती. प्रशिक्षकानं सराव रात्री अकराला सुरू केला आणि पहाटे चारला संपवला. म्हणजे दिवे लावून मध्यरात्री पळायचं, मध्ये हवं तेवढं पाणी प्यायचं, मग घरी जाऊन सहेरी. या संघावर २०११ मध्ये 'फोर्डसन: फेथ, फास्टिंग, फुटबॉल' नावाचा माहितीपट निघाला; रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत पोरं गावातल्याच दुसऱ्या शाळेविरुद्धच्या सामन्याची तयारी करतात, एवढीच त्याची गोष्ट. मला त्यातलं आवडलं ते घड्याळ. धर्म मोठा की खेळ, यावर कुणी परिसंवाद भरवला नाही. सरावाची वेळ बदलली.

आमच्या मशिदीतल्या मौलानांना मी शुक्रवारी विचारलं होतं. एक बुजुर्ग शेजारी बसले होते, ते आधीच म्हणाले, "रमजानमध्ये घाट? आणि तिथं भंडारा उधळतात." मौलाना थोडं थांबून म्हणाले, "जोहर आणि असर चुकवू नकोस. पैज लावू नकोस. ऊन बघून जा." बस. भंडाऱ्याचं म्हणाल तर मी उधळत नाही, हे घाटात सगळ्यांना ठाऊक आहे. वाऱ्यानं अंगावर येतो, तो झटकतही नाही. इतक्या वर्षांत यावर कुणी मला छेडलं नाही.

शनिवारी उन्हानं कहर केला होता. दुपारी जोहर पढून दोनच्या सुमाराला मी पोचलो, तोवर शंभरावर बाऱ्या झाल्या होत्या. बारा सेकंदांना पहिला नंबर, तेराला दुसरा, चौदाला तिसरा. निवेदकाचं "भिर्रर्र" चारी बाजूंच्या भोंग्यांतून. रसवंतीची घुंगरं, भेळीचा वास, बर्फाचा गोळा चोखणारी पोरं. रोजेदाराची परीक्षा घ्यायची तर जत्रेसारखी जागा नाही. पण घसा कोरडा पडल्यावर मी एरवी बघत नाही तिकडं बघायला लागलो. बाऱ्या करून आलेले बैल बाभळीखाली उभे होते, तोंडाला फेस, बरगड्यांचा भाता चाललेला.

बंदी आली ती उगाच आली नव्हती, हे गाडाशौकिनांनी कबूल करायला हवं. काठी, चाबूक, शेपटी पिरगाळणं, काही ठिकाणी बॅटरीचा झटका, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. आता ते गुन्ह्यात मोडतं आणि बरंच झालं. डॉक्टर तपासतो, सावली आणि पाणी ठेवावं लागतं. पूर्वी जो दम आवाजात आणि घोडीत होता तो आजही पुरतो, हे परवा दिसलं. मग काठी होती कशासाठी? हदीसमध्ये एका माणसाची गोष्ट येते. तो स्वतः तहानेनं व्याकूळ होता, विहिरीत उतरून पाणी प्यायला, वर आला तर एक कुत्रं तहानेनं ओली माती चाटत होतं. तो परत खाली उतरला आणि पायातल्या मोज्यात पाणी भरून वर आणलं. अल्लाहनं एवढ्यावर त्याला माफ केलं. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. परवा बाभळीखाली ती जास्त कळली.

पाचच्या पुढं ओढ्यापलीकडच्या मशिदीतून असरची अजान आली. सध्या भोंग्यांवरून काय वातावरण आहे, ते वाचकांना सांगायला नको. माझ्याही पोटात जरा धस्स झालं, खोटं कशाला बोला. निवेदकानं चाललेली बारी पुरी केली, सेकंद सांगितले आणि माइक बंद केला. दोन-तीन मिनिटं घाटात नुसता माणसांचा कालवा. अजान संपली तसा परत "भिर्रर्र". त्यानं ना काही जाहीर केलं, ना कुणी टाळ्या वाजवल्या. नमाज पढून आल्यावर मी त्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, "अहो, सकाळपासून ओरडतोय. घसा ओला करायला वेळ नको का?" आणि माझ्यापुढंच बाटली तोंडाला लावली. मग लक्षात येऊन पाठ फिरवून प्यायला. मला हसू आवरेना.

आण्णांचा नंबर सहाच्या आसपास लागला. लक्ष्या खाली आला तेव्हा कान टवकारलेले, खुरानं माती उकरत होता. सात वर्षं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. निशाण पडलं. घोडी सुटली. मी ओरडलो की नाही आठवत नाही, कोरड्या घशातून काय निघालं असेल तेही माहीत नाही. तेरा सेकंद आणि वर थोडं. दुसऱ्या नंबरातूनही गेला. तिसरा. आण्णांनी फेटा काढून तोंड पुसलं, डोळे पुसले असं मी म्हणणार नाही, कारण ते हा लेख वाचतील.

धावून आलेल्या बैलाला लगेच पाणी दाखवत नाहीत, आधी अंग निवावं लागतं. सूर्य मावळायला अजून अर्धा-पाऊण तास होता. आण्णा लक्ष्याला फिरवत होते आणि मी बरोबर चालत होतो, दोघंही पाण्याच्या पिंपाकडं बघत. पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र वर आला. मगरिबची अजान झाली तेव्हा माझ्या पिशवीतले खजूर गर्दीत कुठं पडले होते कोण जाणे. आण्णांनी खुराकाच्या थैलीत हात घातला आणि चार खारका काढून दिल्या. "लक्ष्याच्या आहेत. त्याला विचारलंय." त्याच खारकेवर रोजा सोडला. टणक होती, पण गोड होती. मग बादली लक्ष्यासमोर आणि तांब्या माझ्यासमोर आला.

घरी येताना टेम्पोत आण्णा हिशेब करत होते. अक्षय तृतीया ३ मेला, त्या दिवशी एका गावाला गाडे आहेत. ईद चंद्रावर, २ तारखेला किंवा ३ ला. "तीनला आली तर?" मी म्हटलं. आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सकाळच्या बाऱ्या दुसऱ्यांना जाऊ दे. आपलं टोकन दुपारचं मागू. तुझा शिरखुर्मा झाल्यावर निघू. आणि हो, डबा भरून आण, टेम्पोत चार माणसं असतील."